नळी नरम, गोळी गरम!

मंडळी, आधी हात मोकळे करा! एका हाताचा अंगठा तळव्यावर आडवा टाका आणि त्यावर मूठ वळा. करंगळीच्या बाजूनं अंगठ्याचं वरचं अख्खं पेर बाहेर डोकावतंय? आता त्याच हाताच्या अंगठ्यानं आणि करंगळीनं दुसऱ्या मनगटाला वेढा घाला. अंगठा करंगळीच्या नखावर पूर्ण चढला? दोन्हीचं उत्तर ‘हो’ असेल तर घाबरू नका, पण पुढचं वाचाच.

ही आहे मार्फान सिंड्रोमची फुकटातली चाचणी! डॉक्टरही ती खरोखर करतात. अर्थात नुसत्या मुठीवरून निदान होत नसतं. इको लागतो, डोळे तपासावे लागतात, घराण्याची हिस्ट्री लागते आणि गरज पडली तर जीन टेस्टही. पण सुरुवातीला मूठभर पुरावा मिळतो!

हा आजार आनुवंशिक. अवयवांना धरून ठेवणाऱ्या ज्या संयोजी ऊती आपण नववीच्या पुस्तकात घोकल्या, त्यांच्यातच गडबड. पंधराव्या गुणसूत्रावरच्या ‘एफबीएन-१’ या जनुकात बिघाड होतो. उंची ताडमाड, हातपाय लांबसडक, बोटं निमुळती, डोळ्यातलं भिंग जागचं सरकलेलं. हे सगळं एक वेळ चालेल हो, पण खरा व्हिलन छातीत असतो. हृदयातून निघणारी मुख्य नळी म्हणजे महाधमनी. ती मुळाशीच रुंदावत जाते. टायरला बाजूनं फुगा आला की बायकर जसा धसकतो, तसे कार्डिऑलॉजिस्ट इथं धसकतात!

माहीत आहे का, आपल्या शहरात असे किती जण असतील? जगभरचा अंदाज आहे साधारण ५,००० माणसांमागे एक. २०११ च्या जनगणनेत पिंपरी-चिंचवडची लोकसंख्या होती १७ लाख २७ हजार. करा भागाकार. तेव्हाच्याच आकड्यावर साडेतीनशेच्या आसपास उत्तर येतं, आणि शहर तर त्यानंतर कुठल्या कुठे गेलं. त्यातल्या कितींना स्वतःला हे माहीत असेल, ते सोडा.

आई-बाबांपैकी एकाला मार्फान असेल तर प्रत्येक मुलाला तो मिळण्याची शक्यता ५० टक्के. थेट छापा-काटा! पण दर चार पेशंटांपैकी एकाच्या घराण्यात हा आजार आधी कुणालाच नसतो. बिघाड अगदी कोरा, फर्स्ट-हँड.

पॅरिसचे डॉक्टर आंत्वान मार्फान यांनी १८९६ मध्ये पाच वर्षांच्या गॅब्रिएल नावाच्या मुलीची केस मांडली. तिची बोटं त्यांना कोळ्याच्या पायांसारखी वाटली. आता ट्विस्ट! नंतरच्या अभ्यासकांना वाटतं की गॅब्रिएलला मार्फान नव्हताच, तर त्याच्याच भावकीतला दुसरा आजार होता. म्हणजे पाटी एकाची, दुकान दुसऱ्याचं!

मग यात रक्त पातळ करायच्या गोळीचा काय संबंध? सांगतो की.

महाधमनीचा फुगा साधारण पाच सेंटिमीटरला पोहोचला की सर्जन मंडळी ती बदलायचं बोलू लागतात. १९६८ मध्ये ह्यू बेंटॉल आणि अँटनी डी बोनो यांनी एक धडाकेबाज ऑपरेशन छापून आणलं. फुगलेला भाग आणि शेजारची झडप दोन्ही काढायचं, आणि त्या जागी कृत्रिम नळी व झडप असा जोडसंच बसवायचा. नाव ‘बेंटॉल’. पार्ट बदलला, गाडी चालू!

पण झडप धातूची असेल तर? रक्ताला परकी वस्तू आवडत नाही. झडपेच्या कडेला, बिजागरीपाशी रक्त जरा रेंगाळलं की गुठळी धरायला लागते. ती सुटून मेंदूकडे गेली की स्ट्रोक. म्हणून गोळी सुरू. किती दिवस? आयुष्यभर!

आणि पेच इथंच आहे. ज्या माणसाच्या नळ्या मुळातच नाजूक, त्यालाच रक्त गोठू न देणारी गोळी. गोळी कमी पडली तर गुठळी, जास्त झाली तर रक्तस्राव. दोरीवरचा डोंबारी परवडला, त्याचा खेळ निदान तासाभरात तरी संपतो.

बाय द वे, या गोळ्यांनी रक्त पातळ होतच नाही! दाटपणा आहे तेवढाच राहतो. फक्त गोठायची प्रक्रिया मंदावते. यकृत व्हिटॅमिन के वापरून रक्त गोठवणारे काही घटक बनवतं, आणि वॉरफरिन किंवा आपल्याकडे फार चालणारं असिट्रॉम हे व्हिटॅमिन के पुन्हा वापरूच देत नाही. कच्चा माल अडवला की प्रॉडक्शन डाउन. चाकणच्या माणसाला हे वेगळं समजावून सांगायला नको!

आता गोळीची जन्मकथा. खुर्ची पकडून बसा, कारण ही गोष्ट सुरू होते मेलेल्या कालवडीपासून!

१९२० च्या दशकात कॅनडात आणि अमेरिकेच्या उत्तर भागात गाई पटापट मरू लागल्या. शिंग कापलं तरी रक्त थांबेना. खलनायक निघाला चारा. ‘स्वीट क्लोव्हर’ नावाचा गोड वासाचा, पण बुरशी आलेला चारा. फेब्रुवारी १९३३ मध्ये विस्कॉन्सिनचा एड कार्लसन नावाचा शेतकरी हिमवादळात जवळजवळ ३०० किलोमीटर गाडी हाकत निघाला. म्हणजे पिंपरीहून निघून लातूरच्या अलीकडे पोहोचाल एवढं अंतर. इथल्या कितीतरी जणांना तो रस्ता दिवाळीला पाठ असतो, पण बर्फात नव्हे! गाडीत काय? एक मेलेली कालवड, सडका चारा आणि दुधाच्या कॅनमध्ये न गोठलेलं रक्त.

सरकारी पशुवैद्याचं ऑफिस बंद. शनिवार होता हो! मग उघडं दिसलेलं दार गाठलं. ते निघालं विद्यापीठातल्या कार्ल पॉल लिंक या रसायनशास्त्रज्ञाच्या लॅबचं. लिंक त्या दिवशी त्याला काहीच देऊ शकले नाहीत. तो चारा घालू नका, एवढाच सल्ला. पण दुधाचा कॅन लॅबमध्ये राहिला आणि त्याबरोबर डोक्यात किडाही. सहा वर्षं खपून १९३९ मध्ये लिंक यांच्या टीमनं दोषी रसायन वेगळं काढलं. त्याचं नाव डायकुमेरॉल.

त्याचाच जहाल भाऊ म्हणजे वॉरफरिन. १९४८ मध्ये बाजारात आलं ते कशासाठी, माहीत आहे का? उंदीर मारायला!

१९५१ मध्ये अमेरिकेच्या एका सैनिकानं आत्महत्येसाठी हेच उंदराचं औषध घेतलं. व्हिटॅमिन के देऊन डॉक्टरांनी त्याला वाचवलं आणि सगळ्यांची ट्यूब पेटली. अरेच्चा, याला तर उतारा आहे! मग हे माणसाला मोजून-मापून देता येईल की! १९५४ मध्ये मंजुरी मिळाली आणि १९५५ मध्ये अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर यांना हार्ट अटॅक आला, तेव्हा त्यांनाही हेच दिलं गेलं. बिळातून थेट व्हाइट हाउस! एवढं प्रमोशन आपल्याकडच्या कंपन्यांत कुणाला मिळालंय?

वॉरफरिनमधला ‘वॉर्फ’ म्हणजे संशोधनाला पैसा पुरवणाऱ्या विस्कॉन्सिनच्या फाउंडेशनच्या नावाची आद्याक्षरं. आणि असा प्रकार आपल्या पिंपरीतही झालाय! हिंदुस्तान अँटिबायोटिक्स म्हणजे आपली ‘एचए कंपनी’, सार्वजनिक क्षेत्रातली देशातली पहिली औषध कंपनी. तिच्या लॅबमध्ये एम. जे. तिरुमलाचार यांच्या टीमला बुरशीवरचं एक औषध सापडलं. नाव ठेवलं हॅमायसिन. ‘एचए’ कुठं लपलंय, बघा!

एचए कंपनी १९५४ ची. युनिसेफ आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या मदतीनं इथं पेनिसिलिन बनू लागलं. आता हे ऐका. भारतात झडपा बिघडण्याचं एक मोठं कारण मार्फान नाहीच, ते आहे संधिवाताचा ताप, म्हणजे रुमॅटिक फीव्हर. लहानपणी घसा दुखतो, जंतू स्ट्रेप्टोकोकसचे, आणि पुढं झडपेची वाट लागते. पेनिसिलिन वेळेत मिळालं तर झडप वाचते. झडप वाचली की ऑपरेशन नाही, ऑपरेशन नाही तर आयुष्यभराची गोळी नाही. एचएच्या बसस्टॉपवर उभं राहणाऱ्या किती जणांना हे ठाऊक असेल? मला तर त्या कंपनीचं हेच सगळ्यात भारी काम वाटतं.

स्वदेशी पार्टची गोष्ट काढलीच आहे, तर तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा संस्थेची झडप विसरून चालणार नाही. डॉ. एम. एस. वलियाथन यांच्या टीमची ही झडप ६ डिसेंबर १९९० ला पहिल्यांदा माणसाला बसवली गेली. आतली चकती प्लॅस्टिकची! हृदय दिवसाला लाखभर ठोके मारतं, म्हणजे वर्षाला साडेतीन कोटींहून जास्त सायकल. ब्रेकडाउन शून्य, प्रिव्हेंटिव्ह मेंटेनन्सला सुट्टी शून्य. आपल्या टेस्टिंग डिपार्टमेंटला हे स्पेसिफिकेशन दाखवा आणि चेहरे बघा.

आणि हो, धातूची झडप वाजते! रात्री सगळं सामसूम झालं की टिक-टिक ऐकू येते. काही पेशंट सांगतात, शेजारी झोपलेल्यालाही ऐकू जाते.

गोळी नीट बसली आहे की नाही, हे सांगतो आयएनआर, म्हणजे रक्त गोठायला लागणाऱ्या वेळेवरून काढलेला आकडा. निरोगी माणसाचा साधारण १. महाधमनीच्या झडपेच्या जागी धातूची झडप असेल तर बहुतेक वेळा २ ते ३ च्या मध्ये ठेवतात. नक्की आकडा ज्याचा त्याचा डॉक्टर ठरवतो. पूर्वी प्रत्येक लॅबचं रसायन वेगळं, म्हणून रिपोर्टही वेगळा. १९८३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं ही पद्धत आणली आणि चिंचवडचा २.५ आणि शिकागोचा २.५ एकच झाला.

लॅबमध्ये एक गंमत बघा. आयएनआरची ट्यूब फिकट निळ्या टोपणाची असते. आत आधीच थोडं सायट्रेटचं पाणी. नऊ भाग रक्त आणि एक भाग सायट्रेट, असं प्रमाण. ट्यूबवरच्या खुणेपर्यंत रक्त आलं नाही तर सायट्रेट जास्त होतं आणि रिपोर्ट उगाच वर चढतो. त्यामुळं शिरेत सुई गेल्यावर ताई ‘अजून थोडं, अजून थोडं’ म्हणत असतील, तर त्या रक्तपिपासू नाहीत!

आता आपल्या पट्ट्यातला खास प्रॉब्लेम. शिफ्ट! फर्स्ट, सेकंड, नाइट, दर आठवड्याला फिरती. गोळी मात्र रोज एकाच वेळी हवी. संध्याकाळची वेळ बरेच डॉक्टर का सांगतात, माहीत आहे का? सकाळी रक्त दिलं, दुपारी रिपोर्ट आला, तर त्याच दिवशीचा डोस बदलता येतो. सेकंड शिफ्टवाल्यानं मग गोळी डब्यात ठेवावी आणि मोबाइलला अलार्म लावावा. शिफ्ट फिरू दे, घड्याळ फिरवू नका! आणि प्रेस शॉपमध्ये किंवा ग्राइंडिंगवर काम असेल तर गोळीची गोष्ट कंपनीच्या मेडिकल रूमच्या रजिस्टरला आधीच असू द्या. बोट कापल्यावर सांगण्यात काय मजा!

चाकणच्या मार्केट यार्डात कांदा-बटाट्याच्या गोण्यांच्या शेजारी पालेभाज्यांच्या जुड्यांचे ढीग पडलेले असतात. या गोळीवाल्यांसाठी तिथं एक छुपं राजकारण चालू असतं. कांद्यात व्हिटॅमिन के जवळजवळ नाहीच, खा मनसोक्त. पालक, कोथिंबीर आणि एकूणच हिरव्यागार भाज्यांत मात्र भरपूर. मग बंद करायच्या? अजिबात नाही! एरवी जेवढ्या, तेवढ्याच खायच्या. लोचा होतो तो श्रावणात. अचानक रोज पालेभाजी सुरू, आणि आयएनआर घसरतो. गणपती उठले, सामिष परत आलं, भाजी गेली, आकडा वर! देव बदलतात, डोस बदलतो.

बाजारात नव्या गोळ्या आल्या आहेत ना, ज्यांना आयएनआर लागत नाही? आहेत. पण धातूच्या झडपेला त्या चालत नाहीत! डाबिगॅट्रान नावाच्या गोळीची अशा पेशंटांवर चाचणी झाली, तिचे निकाल २०१३ मध्ये आले. गुठळ्याही जास्त आणि रक्तस्रावही जास्त. चाचणी अर्ध्यातच थांबवली. म्हातारं वॉरफरिन अजून नॉट आउट!

गर्भारपणात तर आणखी वेगळा खेळ. वॉरफरिन वारेतून बाळापर्यंत पोहोचतं, हेपारिनचा रेणू मोठा म्हणून तो पोहोचत नाही. हेपारिन सापडलं कसं, माहीत आहे का? १९१६ मध्ये बाल्टिमोरला जे मॅक्लेन नावाचा मेडिकलचा विद्यार्थी रक्त गोठवणारा पदार्थ शोधत होता. सापडला नेमका उलटा! आज हे औषध बहुतेक डुकराच्या आतड्यांतून काढतात.

प्राण्यांवरून आठवलं. कोकणातलं फुरसं! त्याच जातीच्या सापाच्या विषातल्या एका प्रथिनावरून टिरोफिबान हे औषध बेतलं गेलं. प्लेटलेट एकमेकींना चिकटू नयेत म्हणून अँजिओप्लास्टीच्या वेळी वापरतात. आणि आपल्या उसाच्या फडातली घोणस? तिच्या विषानं आधी रक्त गोठवणारे घटक भराभर वापरून संपतात, मग रक्त गोठायचंच विसरतं. पण लॅबवाले हुशार! तेच विष थेंबभर घेऊन ते रक्त गोठण्याची एक टेस्ट करतात. विषाची परीक्षा नव्हे, विषानं परीक्षा!

आता जरा सीरियस होऊ या. पाव मिनिट.

छातीत अचानक फाडल्यासारखी कळ, पाठीत जाणारी. सगळ्यांना वाटतं हार्ट अटॅक. पण मार्फानच्या माणसात ती महाधमनीचं अस्तर फाटल्याची असू शकते. अटॅकमध्ये गुठळी विरघळवणारं इंजेक्शन जीव वाचवतं. असंच एक, टेनेक्टेप्लेज, आपल्या हिंजवडीची जेनोव्हा कंपनी बनवते. पण नळी फाटलेली असताना तेच इंजेक्शन दिलं तर जिवावर बेतू शकतं. म्हणून घरात मार्फान असेल, तर कॅज्युअल्टीत तोंडातून पहिलं वाक्य तेच निघालं पाहिजे.

अमेरिकेचा नाटककार जोनाथन लार्सन. ‘रेंट’ हे गाजलेलं म्युझिकल त्याचं. छातीत दुखतं म्हणून दोन हॉस्पिटलांत गेला, दोन्हीकडून घरी पाठवला. २५ जानेवारी १९९६ ला, नाटकाच्या पहिल्या प्रिव्ह्यूच्याच दिवशी, महाधमनी फाटून गेला. वय ३५. निदान न झालेला मार्फान असावा, असं मानलं जातं. आणि व्हॉलीबॉलची स्टार फ्लो हायमन, उंची सहा फूट पाच इंच, ऑलिंपिकचं रौप्य. जानेवारी १९८६ मध्ये जपानमध्ये सामन्यादरम्यान बेंचवर बसली असताना कोसळली. मार्फान तिच्या मृत्यूनंतर कळला. त्यावरून भावाची तपासणी झाली, त्यालाही निघाला, आणि त्याचं ऑपरेशन वेळेत झालं.

आणखी एक धोक्याची घंटा. सिप्रोफ्लॉक्सासिन, लिव्होफ्लॉक्सासिन या घराण्यातली अँटिबायोटिक्स. जुलाब झाले की मेडिकलवाल्या दादांकडून सहज घेतो ती! २०१८ च्या डिसेंबरमध्ये अमेरिकेच्या औषध खात्यानं इशारा दिला की मार्फान किंवा त्याच्याच भावकीतल्या एहलर्स-डॅनलॉससारख्या आजाराच्या पेशंटांनी शक्यतो टाळा, महाधमनीला धोका. शिवाय ती वॉरफरिनचा असरही वाढवतात. एकाच स्ट्रिपमध्ये दोन्हीकडून मार!

एहलर्स-डॅनलॉस म्हटलं की गिनीज बुक आठवतं. ब्रिटनच्या गॅरी टर्नरनं १९९९ मध्ये पोटाची कातडी १५.८ सेंटिमीटर ताणून दाखवली. पण याच घराण्यातला रक्तवाहिन्यांचा प्रकार सगळ्यात बेरकी. त्यात कातडी ताणत नाही, ती इतकी पातळ असते की खालच्या शिरा दिसतात. नुसत्या धक्क्यानं काळेनिळे डाग. रक्ताच्या टेस्ट केल्या की प्लेटलेट नॉर्मल, गोठण्याची वेळ नॉर्मल! कारण दोष रक्तात नाहीच, भिंतीत आहे. नळी आपोआप फुटू शकते, म्हणून अशा माणसाला रक्त गोठू न देणारं औषध द्यायचं की नाही, हे डॉक्टर एकेका केसला दहादा तोलतात. साधी अँजिओग्राफीची सुईसुद्धा इथं विचार करूनच आत शिरते.

तिसरा भाऊ लोईस-डीट्झ, शोध २००५ चा. याची एक खूण घशात सापडते. काही जणांची पडजीभ दुभंगलेली असते. आ करा, टॉर्च मारा!

पण मग धातूच्या झडपेला पर्याय नाहीच का? आहे की! टोरांटोच्या टायरोन डेव्हिड यांनी १९९२ मध्ये मांडलेल्या ऑपरेशनमध्ये फुगलेली नळी बदलतात, झडप मात्र पेशंटची स्वतःचीच ठेवतात. झडप घरची म्हणून आयुष्यभराची गोळी टळते. झडप तेवढी धड असली पाहिजे, आणि हात सरावलेला सर्जन पाहिजे.

आणि आता मंडळी, या लेखाचा हीरो! तो डॉक्टर नाही. इंग्लंडचा टॅल गोल्सवर्दी, इंजिनिअर. स्वतःला मार्फान, महाधमनी फुगत चाललेली. त्याला बेंटॉल सुचवलं, म्हणजे पुढं जन्मभर वॉरफरिन. नको, म्हणाला. फुगा आलाय ना? मग आतला पार्ट कशाला बदलता, बाहेरून पट्टा घाला!

एमआरआयमधून स्वतःच्या महाधमनीचं माप काढलं. कॅडवर मॉडेल केलं. रॅपिड प्रोटोटायपिंगनं हुबेहूब साचा छापला. त्या साच्यावर विणलेल्या जाळीची बाही बनवली. ऐकताना चाकणच्या टूल रूमचा वास येतोय की नाही? सर्जन मिळाले, पैसे जमवले, आणि मे २००४ मध्ये लंडनच्या रॉयल ब्रॉम्प्टन हॉस्पिटलमध्ये जॉन पेपर यांनी ती बाही बसवली. पहिला पेशंट कोण? डिझायनर स्वतः! याला म्हणतात ओनरशिप.

महाधमनी कापली नाही. झडपेला हात नाही. आणि रक्ताला जाळी आतून लागतच नाही, ती बाहेरून आहे, म्हणून वॉरफरिन नाही! हळूहळू ऊती त्या जाळीत शिरतात आणि जाळी नळीचाच भाग होऊन बसते. या ‘पेअर्स’ ऑपरेशनचा लाभ पुढं शेकडो जणांना झाला. नळी फार फुगलेली असेल किंवा झडप बिघडलेली असेल तर मात्र हा जुगाड चालत नाही.

मटेरियल कुठलं, माहीत आहे का? पीईटी. ज्याच्या पाण्याच्या बाटल्या होतात, तेच. आणि गोल्सवर्दीसाहेबांचा मूळ अनुभव कसला? बॉयलर आणि भट्ट्यांचा!